नेमाची भाजी

लग्न होऊन राहुरीच्या पुढच्या त्या सरकारी वसाहतीत आले तेव्हा मला तीनच पालेभाज्या माहीत होत्या. मेथी, पालक आणि शेपू. त्यातली शेपू मी खात नव्हते. माझा जन्म नगरातल्या एका बोळातला. भाजी म्हणजे भाजीवालीच्या पाटीत असते ती, जुडी बांधलेली, वर पाणी मारलेली. त्यात मी तोंडानं फटकळ. माहीत नाही तिथं गप्प बसावं, हे मला कुणी शिकवलं नाही, आणि शिकवलं असतं तरी मी शिकले असते असं वाटत नाही.

कालव्याच्या कामावरच्या लोकांसाठी बांधलेली आठ क्वार्टर्सची एक रांग होती. प्रत्येक क्वार्टरच्या मागं परसबागेसाठी जमिनीचा एक तुकडा दिलेला. आम्ही सात नंबरात. आठ नंबरला कुलूप होतं. तिथला माणूस बदलून गेला तो गेलाच, त्याच्या जागी दुसरा कुणी आला नाही. साल बहात्तरचं. मृगात चार थेंब पडले आणि नंतर आभाळ नुसतं यायचं, बघायचं आणि जायचं. घराला दिवसाला दोन हंडे पाणी मिळे, त्यात बाग कोण भिजवणार? सगळ्यांचे वाफे भाजून निघाले. फक्त आठ नंबरच्या मागचा तुकडा हिरवागार होता, कारण वसाहतीची पाण्याची टाकी त्याच्या कडेला होती आणि तिच्या बुडातून पाणी पाझरत असे. पण त्या हिरव्याकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं. गुडघाभर तण माजलंय, त्यात साप असणार, असं सगळ्या बायकांचं मत. मी तर नवऱ्याच्या मागं लकडा लावला होता, की ते रान एकदा कापून घ्या, नाहीतर एक दिवस आपल्या मोरीत जनावर निघेल.

एका सकाळी त्या तणात सहा नंबरच्या वहिनी वाकलेल्या दिसल्या. वहिनी माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, तीन लेकरांची आई, नवरा पंपावर कामाला. गावाकडची विहीर आटली तेव्हा पाथर्डीकडून त्यांचे सासू-सासरे, दीर, जाऊ असे सगळेच इकडे आले होते. दोन खोल्यांत नऊ माणसं. येताना एक गाय आणली होती. आठ नंबरच्या मागच्या भिंतीला पत्रा टेकवून तिला आडोसा केला होता आणि अर्धं पिंप कापून त्याची गव्हाण केली होती. पुढं चारा मिळेना तेव्हा गाय गुरांच्या छावणीत पाठवली. गव्हाण तेवढी राहिली. वहिनींच्या सासूबाई रोज दुपारी जेवायच्या आधी अर्धी भाकरी गाईचा घास म्हणून त्या गव्हाणीत नेऊन ठेवायच्या आणि वर एक फळी झाकायच्या. म्हातारं माणूस, सवय सुटत नाही, असं मला वाटे.

मी कुंपणापाशी जाऊन विचारलं, "वहिनी, कुणासाठी काढताय? गाय तर गेली."

"गाईला न्हाई, मला," त्या म्हणाल्या आणि खुडतच राहिल्या. ओटीत बोटभर लांबीचे हिरवे शेंडे जमले होते.

माणूस हे खातं? तेही माझ्या शेजारचं, सरकारी क्वार्टरमध्ये राहणारं?

मग त्यांनी सांगितलं ते ऐकून तर मी कुंपणाची तारच धरली. ऋषिपंचमीला आपण बायका एक दिवस पाळतो ना, बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, नांगरल्या जमिनीतलं काही तोंडात घालायचं नाही, जे आपसूक उगवलं तेवढंच खायचं, तो नेम वहिनींनी त्या वर्षी चातुर्मासाचे चारही महिने धरला होता. आषाढी ते कार्तिकी. भाकरी नाही, भात नाही, डाळ नाही. घरच्या सगळ्यांचं वाढून झालं की स्वतः ही भाजी मीठ-मिरची घालून उकडायची आणि खायची.

माझ्या आईला तो एक दिवस जड जायचा. दुपारी चारपासून ती घड्याळाकडं बघत बसे. आणि ही बाई चार महिने? मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. खरंच धरले मी, कुंपणाच्या खालून हात घालून. त्या मागं सरकल्या. "अवो, काय करताय," म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी त्यांच्या मागं मागं त्या तुकड्यात जायला लागले. साप एकही निघाला नाही. जिथं मला नुसतं हिरवं दिसत होतं तिथं वहिनी बोट ठेवून दाखवायच्या. हा तांदुळजा, देठ जरा लालसर, पान मऊ. हा त्याचाच भाऊ काटेमाठ, पानाच्या बगलेत काटा असतो, म्हणून कोवळं तेवढंच घ्यायचं. ही घोळ, जमिनीवर पसरते, पान जाड, चावलं की आंबूस. ही पाथरी, पान मोडलं की दूध येतं, ती कच्चीच खायची. हा कुरडू, तुरा यायच्या आत खुडायचा, उकडून पाणी पिळून टाकायचं. हा केना, याला निळं फूल येतं. ते तिकडं रुंद पानाचं दिसतंय त्याला हात लावायचा नाही, तो धोतरा, माणूस येडं होतं.

"आन् उपटायचं न्हाई कदी," त्या प्रत्येक वेळी सांगायच्या. "शेंडा खुडायचा, खालची दोन पेरं ठेवायची. आठ दिसांनी पुन्ना फुटतं."

मी उपटायची. मला धीर नव्हता. मग त्या माझ्या हातातलं मूळ घेऊन पुन्हा मातीत खोचायच्या, वर पायानं दाबायच्या, बोलायच्या काही नाहीत.

महिन्याभरात मी पंडित झाले. नळावर उभी राहून बायकांना तांदुळजा आणि काटेमाठ यांतला फरक समजावून सांगू लागले. आणि त्याच्याबरोबर वहिनींच्या नेमाचा डांगोरा पिटू लागले. साऱ्या वसाहतीत मी त्या नेमाची राखणदार झाले, कुणी न नेमता. त्या बारीक होत चालल्या होत्या. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकायच्या, म्हणून त्यांनी बांगड्यांना दोरा गुंडाळला होता. मी नळावर म्हणाले, बघा, नेमानं कसं तेज आलंय तोंडावर. हे मी म्हणाले. माझ्याच तोंडानं.

पोळ्याच्या दिवशी एक नंबरच्या काकूंनी, त्या दिवसांत कुठून जमवलं कोण जाणे, पुरण घातलं होतं. काकू ताट झाकून वहिनींकडं निघाल्या होत्या. मी वाटेतच गाठलं त्यांना. म्हटलं, काकू, आज पोळा, बैलाचा सण, आणि तुम्ही त्यांना बैलाच्या कष्टाचं खायला घालताय? नेम मोडाल बाईचा, पाप लागेल. काकू ओशाळल्या. वहिनी दारातच उभ्या होत्या. ताटावरचं फडकं एका बाजूनं सरकलं होतं आणि पोळीची कड दिसत होती. वहिनींनी तिकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "व्हय, न्हाई चालत मला." काकू ताट घेऊन परत गेल्या. मी दिवसभर खूष होते.

पाच दिवसांनी ऋषिपंचमी. वसाहतीतल्या झाडून सगळ्या बायका टोपल्या घेऊन आठ नंबरच्या मागं आल्या, कारण बैल न लागलेली आणि तरी हिरवी असलेली तेवढी एकच जागा होती. मी पुढारी. हे घ्या, ते नको, उपटू नका, शेंडा खुडा. सगळ्यांनी मिळून आमच्या ओट्यावर ऋषीची भाजी केली. वहिनींना मधल्या पाटावर बसवलं. बायकांनी दोन घास खाल्ले, तोंडं वाकडी केली आणि उद्या सकाळी काय काय खायचं याच्या गप्पा सुरू झाल्या. वहिनी वाटी पुसून खात होत्या.

तेव्हा मला एक बुद्धी सुचली. त्या वर्षी रेशनवर तांबडी मिलो ज्वारी यायची, अमेरिकेतून आलेली. तिच्या भाकरीला सगळे नाकं मुरडायचे. मी म्हटलं, "वहिनी, तुम्हाला मिलो चालेल की. तिकडं बैल कुठं असतात? सगळी शेती ट्रॅक्टरवर. बैलाचे कष्ट लागलेच नाहीत त्या धान्याला."

बायका हसल्या, वा, म्हणाल्या, डोकं चालतं हो हिचं. मी वहिनींकडं पाहिलं तर त्यांचा चेहरा उतरला होता. चोरी पकडली गेल्यावर उतरतो तसा. तेवढ्यात भिंतीशी बसलेल्या त्यांच्या सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "बोटीतनं आल्यालं नेमाला चालत न्हाई. तुला काय ठावं गं, कालची पोर."

सगळ्यांसमोर असं म्हणाल्या. मला फार लागलं. आपण भलं सांगायला जावं आणि म्हातारीनं असं तोडून बोलावं. त्या दिवसापासून मी म्हातारीशी बोलणं टाकलं.

आणि मग ती दुपार. ऋषिपंचमीला तीन-चार दिवस झाले असतील. माणसं कामावर, बायका जेवून आडव्या झालेल्या. मी घोळ आणायला म्हणून एकटीच त्या तुकड्यात गेले. गाईच्या आडोशामागं काहीतरी हललं. मला वाटलं कुत्रं शिरलंय, घास खातंय. मी दगड उचलून पत्र्याच्या पलीकडं गेले.

वहिनी गव्हाणीशी उकिडव्या बसल्या होत्या. फळी बाजूला काढून ठेवलेली. हातात भाकरीचा तुकडा होता, मिलोचाच, तांबडा, आणि त्या तो भराभर चावत होत्या. पाणी जवळ नव्हतं, घास उतरत नव्हता, मानेच्या शिरा वर आल्या होत्या.

माझ्या हातातला दगड तसाच राहिला. मी काय काय पाहत होते? नेम मोडलेला. देवाच्या नावानं ठेवलेला गाईचा घास खाल्लेला. आणि ज्या बाईचे मी पाय धरले, जिच्यासाठी काकूंना दारातून परत लावलं, ती रोज दुपारी इथं लपून हे करत होती. मी फसले होते, साऱ्या वसाहतीत मी मूर्ख ठरले होते, याचाच मला जास्त राग आला. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा तोच आला.

मी आवाज चढवला नाही. त्यापेक्षा वाईट केलं. दबक्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "वा वहिनी. आम्हाला नेम सांगायचा आणि इथं गाईच्या तोंडचा घास काढायचा. एवढं ढोंग कशासाठी? नव्हता झेपत तर धरायचा नव्हता. मुक्या जनावराचं खाताना काहीच वाटलं नाही तुम्हाला?"

त्यांनी चावणं थांबवलं. तोंडातला घास कसाबसा गिळला. हातात उरलेला तुकडा परत गव्हाणीत ठेवला, बोटांना लागलेला चुराही आत झटकला, वर फळी ठेवली. मग पदरानं तोंड पुसून उठल्या.

"बरोबर बोलला तुमी," म्हणाल्या. आणि दोन पावलं गेल्यावर मागं वळून, "टाकीच्या अंगाला घोळ चांगली झालीया. न्या."

त्या गेल्या आणि मी तिथंच उभी राहिले. भांडल्या असत्या, रडल्या असत्या, तर मला समजलं असतं. माझ्या शिव्या घेऊन वर घोळ कुठं आहे ते सांगून गेल्या, याचं काय करायचं ते मला कळेना. मी घोळ न घेता घरी आले. नळावर जाऊन सगळं ओकून टाकावं म्हणून जीभ वळवळत होती. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. का ते मला सांगता येणार नाही. एवढी एकच गोष्ट मी त्या दिवसांत बरी केली.

पुढचे चार दिवस वहिनी दुपारच्या मागच्या बाजूला फिरकल्या नाहीत. भाजी खुडायलाही पहाटेच यायच्या, मी उठायच्या आत. मी खिडकीतून बघायची. तिसऱ्या दिवशी नळावर हंडा उचलताना त्यांच्या डोळ्यापुढं अंधारी आली. कठड्याला धरून खाली बसल्या. बायका धावल्या. कुणीतरी म्हणालं, नेम कडक आहे हो, उपासानं होतं असं. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं, तरी मी मान खाली घातली.

चौथ्या दिवशी दुपारी माझ्या मागच्या दाराशी म्हातारी येऊन उभी राहिली. आमचं बोलणं बंद होतं, तरी आली. आत आली, भिंतीला टेकून बसली, पदराची गाठ सोडली आणि माझ्यापुढं जमिनीवर भाकरीचे तुकडे ठेवले. तीन अर्ध्या भाकरी आणि एक लहानसा तुकडा. वाळून लाकडं झालेल्या.

"चार दिस झालं," म्हातारी म्हणाली. "तशाच पडल्यात. तिला कुनी बोललं का?"

मला वाटलं, हिला सांगावंच लागणार. मी म्हटलं, "आजी, मीच बोलले. तुम्हाला सांगणार नव्हते. तुमची सून गाईचा घास खात होती. मी डोळ्यांनी पाहिलं."

म्हातारी माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. मुलाला साधी बेरीज येत नाही तेव्हा बघतात तसं.

"बाय माझे," ती म्हणाली, "गाय कुठं हाय?"

मी मागच्या दारातून पाहिलं. पत्रा होता, गव्हाण होती. गाय नव्हती. दोन महिने नव्हती. मला ते माहीत होतं, छावणीत जाताना मीच तिला हळदकुंकू लावलं होतं. आणि तरी रोज तिथं भाकरी पडत होती, वर फळी झाकली जात होती, आणि दुसऱ्या दिवशी गव्हाण रिकामी असायची. हे सगळं मी रोज पाहत होते.

"नऊ तोंडं," म्हातारी सावकाश सांगू लागली. "रेशन तेवढंच. आमी आलो आन् हिनं नेम धरला. म्या काय येडी हाय? हातात भाकर दिली तर घ्यायची न्हाई, पोरांच्या ताटात टाकायची. म्हनली असती, सासूबाई, तुमी खावा. मग म्या गाईचं नाव केलं. माजीच अर्दी. तिला ठावं हाय गाय न्हाई, मला ठावं हाय. तिनं इचारलं न्हाई, म्या सांगितलं न्हाई. तिचा नेम ऱ्हायला, माजी भाकर गेली तिच्या पोटात. आता तू बोललीस. आता त्या गव्हानीकडं ती बघायची बी न्हाई."

मला मिलो आठवली. बोटीतनं आल्यालं चालत न्हाई. सुनेचं झाकण सगळ्यांसमोर उघडं पडत होतं, ते म्हातारीनं स्वतःच्या तोंडानं झाकलं होतं. आणि पोळ्याचं ताट. ती पोळीची कड. मी पदर तोंडात कोंबला.

"रडू नगं," म्हातारी म्हणाली. "त्यानं काय व्हतंय. माजं एक काम कर. माज्या हातचं ती आता घेनार न्हाई, गाईचं नाव आता उघडं पडलं. तुज्या हातची भाजी घेईल. तिनंच शिकवलीया तुला. तांदुळजा आन, घोळ आन. उकडली की पीठ पेर. हात जरा सैल सोड. तिला म्हन, नेमाचीच हाय."

वाळलेले तुकडे तिनं पुन्हा पदरात बांधले. ती रात्री ते पाण्यात भिजवून स्वतः खायची, हे मला नंतर कळलं.

मी तशीच उठून मागं गेले. तांदुळजाचे शेंडे खुडले, खालची दोन पेरं ठेवून. पहिल्यांदाच एकही रोप उपटलं नाही. घोळ टाकीच्या अंगाला होती, वहिनींनी सांगितली होती तिथंच. भाजी उकडली, मिरची-मीठ घातलं आणि मिलोचं पीठ एका हातानं पेरत दुसऱ्या हातानं घोटत राहिले. मूठभर पेरलं. पुन्हा मूठभर. पळी उभी राहील इतकी दाट झाली तेव्हा थांबले. पिठाची तांबूस झाक दिसत होती. ती दिसू नये म्हणून वर आणखी थोडी कोवळी पानं घालून एक वाफ काढली.

वहिनी चुलीपुढं बसल्या होत्या, पोरांचं उरकून. मी वाडगं पुढं ठेवलं. तोंडपाठ केलेलं वाक्य म्हटलं, "वहिनी, आज मी केलीये. नेमाचीच आहे. बघा बरं, जमलीये का."

त्यांनी वाडग्यात पाहिलं. बोटानं थोडी उचलून जिभेला लावली. त्यांना कळणार नाही असं कसं होईल? त्यांनी वाडगं परत केलं असतं तर माझ्याजवळ दुसरा उपाय नव्हता, म्हातारीजवळही नव्हता. दारात म्हातारी कुणाचं तरी फाटकं धडपं शिवत होती. तिनं वर पाहिलं नाही. सुई मात्र थांबली होती.

वहिनी खाऊ लागल्या. आधी हळू, मग भराभर. वाडगं संपलं तेव्हा त्यांनी ते बोटानं पुसून घेतलं.

मला क्षमा मागायची होती. "वहिनी, परवा मी..." एवढंच म्हणाले.

"उद्या पीठ कमी पेरा," त्या वाडगं माझ्या हातात देत म्हणाल्या. "तुमच्या घरात बी दोन मानसं हायेत खायाला."

त्या भांडी गोळा करायला उठल्या. दारात म्हातारीची सुई पुन्हा चालू झाली. मी वाडगं घेऊन घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी एक मूठ जास्तच पेरली.